फक्त दोघांसाठी वेगास

हौनानी मेडेरोसचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. हवाईतल्या वायपाहू गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं अर्धं आयुष्य काढलं. दुधाची गाडी आली की ती खोक्यावरची तारीख वाचायची, आणि वाचून झाल्यावरही एक खोकं फोडून वास घ्यायची. "तारखेचं काय, छापणारा काहीही छापतो," असं म्हणायची. कुणी कारण नसताना गोड बोललं की तिची डावी भुवई वर चढायची. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा तिच्या भाताची मनापासून तारीफ केली, तेव्हा हिनं हातातला डाव खाली ठेवून विचारलं होतं, "कुणाला कामावरून काढताय का?"

तिच्या या स्वभावाला तिचे वडील कारणीभूत होते. ते बंदरांवर धक्क्यांच्या दुरुस्तीची कामं करायचे. महिन्यातले पंधरा दिवस घरी, पंधरा दिवस मोलोकाई बेटावर. परत येताना सुकवलेली मासळी आणायचे, पोरींच्या कपाळाचे मुके घ्यायचे. ते वारले तेव्हा हौनानी शाळेत शिकत होती. मयतीला मोलोकाईहून एक बाई आली. गळ्यात फुलांची माळ, बरोबर दोन मुलगे. त्या दोन्ही मुलांच्या हनुवटीला मधोमध खळी होती, आणि तशीच खळी शवपेटीतल्या माणसाच्या हनुवटीला होती. हौनानीची आई एक शब्द बोलली नाही. तिनं त्या तिघांना बसवलं, ताटं वाढली आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मायेनं वागणारा माणूससुद्धा अर्धा दुसरीकडे असू शकतो, हे हौनानीनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

म्हणूनच तिनं लग्नाला क्लेटन मेडेरोस निवडला होता. तो शहराची बस चालवायचा, नेमून दिलेल्या रस्त्यानं जायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचा. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. वाढदिवसाची भेट आणली की सकाळी चहाच्या वेळीच सांगून मोकळा व्हायचा. खोटं बोलायची वेळ आली तर त्याचे कान लालबुंद व्हायचे. मूलबाळ झालं नाही, पण घर कधी रिकामं नव्हतं. हौनानीची थोरली बहीण लेहुआ दोन गल्ल्या पलीकडे, धाकटी शार्लीन टेकडीच्या उतारावर, आणि दोघींची पोरं, नातवंडं कायम हिच्याच दारात. दाराशी इतक्या चपला पडलेल्या असायच्या की आपली जोडी शोधायला दहा मिनिटं लागावीत.

आणि दर ऑक्टोबरात ही सगळी फौज लास वेगासला जायची. हवाईतली निम्मी माणसं तिथंच सुट्टी काढतात. आपली बेटं आठ, आणि वेगास हे नववं, असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. शहराच्या जुन्या भागातलं नेहमीचं हॉटेल ठरलेलं. बर्फाच्या पेट्यांमधून अळकुड्या कुटून केलेली पोई, कच्च्या मासळीचं पोके आणि सुके मासे न्यायचे, तिकडे जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांना वाटायचे. दिवसभर जुगाराच्या यंत्रांपुढे बसायचं, खोल्यांची दारं उघडी टाकून एकमेकांकडे जायचं, पहाटे बैलाच्या शेपटीच्या हाडांचं गरम सूप भुरकायचं. क्लेटन त्या सूपासाठीच यायचा. जुगारात त्याला गोडी नव्हती. बायकांच्या पर्सा सांभाळत तो खुर्चीत पेंगायचा.

असा हा क्लेटन, निवृत्त झाल्याच्या पहिल्याच वर्षी, एका रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना म्हणाला, "या ऑक्टोबरात आम्ही नाही येणार. आम्ही फेब्रुवारीत जाऊ म्हणतो. मी आणि हौनानी. दोघंच."

शार्लीन भाजलेली कोंबडी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला.

"दोघंच म्हणजे?" लेहुआनं विचारलं.

"दोघं म्हणजे दोघं. एक मी, एक ती."

"का रे? आम्ही काय वाकडं केलं तुझं?"

"वाकडं कशाला? व्हॅलेंटाइनचा आठवडा असतो. त्या मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात राहू, कारंजांच्या समोर. जरा रोमँटिक."

हा शब्द क्लेटनच्या तोंडून निघाल्यावर टेबलाभोवती हसण्याचा असा फवारा उडाला की मागच्या अंगणातली पोरं धावत आली. शार्लीनचा नवरा मेल्विन डोळे पुसत म्हणाला, "पण दोघंच जाऊन तिथं करणार काय तुम्ही?" आणि पुन्हा एकदा फवारा उडाला.

हौनानी हसली नाही. ती क्लेटनच्या कानांकडे बघत होती. कान लालबुंद झाले होते.

पाहुणे गेल्यावर तिनं भांडी विसळता विसळता विचारलं, "कुणी सुचवलं हे?"

"कुणी कशाला सुचवायला हवं? माझं मला सुचलं."

"तुझं तुला काही सुचत नाही, क्लेटन. पस्तीस वर्षं बघतेय. तुझे मोजेसुद्धा मी सुचवते."

तो हसला आणि त्यानं फोनवरचे फोटो दाखवले. गोल पलंग, गुलाबाच्या पाकळ्या, बदामाच्या आकाराचा न्हाणीचा टब. छताला निळं आभाळ रंगवलेलं आणि खाली खोट्या कालव्यातून नाव वल्हवणारा पट्टेरी सदऱ्यातला माणूस.

"या टबात माझा गुडघा अडकला तर बाहेर कोण काढणार?"

"मी काढीन."

"आणि तुझी कंबर धरली तर?"

"तिकडची हवा कोरडी असते," क्लेटन म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांना मानवेल."

"माझे गुडघे दर ऑक्टोबरात माझ्याबरोबरच येतात. तेव्हा कधी त्यांची चौकशी केली नाहीस."

यावर तो कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर गेला. पिशवी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

त्या दिवसापासून हौनानी डोळ्यांत तेल घालून नवऱ्यावर नजर ठेवू लागली. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. क्लेटन फोन आला की अंगणात जायचा, गाडीच्या पलीकडे उभा राहून हळू बोलायचा. त्यानं एक नवा सदरा घेतला, फिक्या निळ्या रंगाचा, आणि तो स्वतः जाऊन घेतला. एकदा जेवताना मध्येच म्हणाला, "वाळवंटात सूर्यास्त छान होतो म्हणे." समुद्राकाठी जन्मलेला हा माणूस, त्यानं घरच्या सूर्यास्ताकडे कधी मान वळवली नव्हती.

नाताळाच्या आधी तर आणखी एक गोष्ट घडली. ती शाळेतून लवकर परतली तर दोन अनोळखी माणसं फीत धरून त्यांचं अंगण मोजत होती. क्लेटन पायरीवर उभा होता.

"पाण्याच्या पाइपाचं काम आहे," तो म्हणाला.

हौनानीनं शेजारच्या आंटी नोरमाला गाठलं. "तुमच्याकडे आले होते का गं मोजायला?"

"नाही बाई. मला वाटलं तुम्ही गाडीसाठी छप्पर बांधताय."

घर भाड्याचं होतं. म्हातारे हिगा त्याचे मालक. उन्हाळ्यात ते वारले, तेव्हा हिनंच सगळ्या गल्लीच्या वतीनं फुलं नेली होती. भाड्याच्या घरात कुणी छप्पर बांधत नाही. हौनानीनं हेही मनात टाचून ठेवलं, पण त्याचा वेगासशी काही संबंध असेल असं तिच्या डोक्यात आलं नाही. तिला वेगळीच भीती वाटत होती.

बहिणींनी त्या भीतीला खतपाणी घातलं. रोज संध्याकाळी लेहुआच्या ओसरीवर बैठक बसायची.

"बाईची भानगड आहे," लेहुआ म्हणाली. "पुरुषानं अचानक फुलं आणली की समजायचं, कुठेतरी दुसरीलाही देतोय."

"छे गं, क्लेटन? त्याला एकीचंच झेपत नाही," शार्लीन म्हणाली. "मला तर वाटतं डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. शेवटचे दिवस आहेत म्हणून बिचारा बायकोची हौस पुरवतोय."

"मशीन लागलं असणार त्याला मागच्या खेपेला," मेल्विन आतून ओरडला. "लपवून ठेवलंय लेकाच्यानं!"

हौनानीनं एकेक शक्यता तपासायला घेतली. आजाराचं आधी बघितलं. क्लेटनच्या औषधांच्या बाटल्या तपासल्या, त्यात एकही नवी नव्हती. मग तिनं मुद्दाम तेलकट डुकराचं मटण आणि कोबी केला. आजारी माणूस पुढ्यातलं सरकवतो. क्लेटननं तीनदा वाढून घेतलं आणि पातेल्याच्या तळाला लागलेलंही खरवडलं. तेव्हा आजार नव्हता. जॅकपॉट लागला असता तर त्यानं गाडीचा फुटलेला आरसा आधी बदलला असता. म्हणजे उरलं ते लेहुआचं म्हणणं.

तिनं अननसाचा केक केला आणि फर्डीकडे गेली. फर्डी क्लेटनबरोबर बस चालवायचा. दोघं आता बंदरावर गळ टाकून बसायचे. केक बघूनच फर्डी सावध झाला.

"फर्डी, क्लेटनच्या मनात काय चाललंय?"

"हौनानी, मला यात ओढू नकोस."

"यात म्हणजे कशात?"

आपली जीभ घसरली हे फर्डीच्या लक्षात आलं. त्यानं केकचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की पुढचा अर्धा तास त्याला बोलता येऊ नये. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा मात्र म्हणाला, "तो वाईट माणूस नाही." घरी येईपर्यंत हौनानीला ते वाक्य पुरलं. वाईट माणूस नाही, हे कुणाबद्दल सांगावं लागतं? तिच्या वडिलांबद्दल मयतीला सगळे हेच म्हणत होते.

जानेवारीच्या शेवटी क्लेटन न्हाणीत असताना त्याचा फोन वाजला. हौनानीनं उचलला. पलीकडून बाईचा आवाज आला, मधाळ, हसरा.

"मिस्टर मेडेरोस आहेत का? त्यांना सांगाल का, शुक्रवारचं माझ्याकडून पक्कं. मी क्रिस्टल."

"कोण क्रिस्टल?"

"मी नंतर करते," असं म्हणून बाईनं फोन ठेवला. नंबर वेगासचा होता.

हौनानी पलंगाच्या कडेवर बसून राहिली. न्हाणीतून क्लेटनचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिला आपल्या आईची आठवण झाली, आणि पहिल्यांदाच असं वाटलं की तेव्हा आई गप्प राहिली, ती कदाचित सगळं आधीपासून जाणून होती म्हणून.

लेहुआ तर पेटूनच उठली. "आत्ताच्या आत्ता विचार त्याला! माझ्यादेखत विचार!"

"नाही," हौनानी म्हणाली. "विचारलं तर तो खोटं सांगेल. पस्तीस वर्षांत त्यानं मला मोठं खोटं सांगितलेलं नाही, आणि ते ऐकायची माझी इच्छा नाही. मी जाते त्याच्याबरोबर. काय असेल ते डोळ्यांनी बघते."

मग सहलीची आखणी तिनंच हातात घेतली. कुठल्या दिवशी कारंजं, कुठे जेवण, नावेत कधी बसायचं, सगळं ती विचारून विचारून ठरवू लागली. क्लेटन सगळ्याला हो म्हणायचा. खिडकीतलं टेबल हवं? घे. गाण्याचा कार्यक्रम नको? नको तर नको. फक्त एका गोष्टीवर तो अडून बसायचा.

"शुक्रवारची सकाळ मोकळी ठेव."

"का?"

"अशीच. जरा गाडी घेऊन डोंगर बघू. लाल खडकांचे."

"लाल खडक," हौनानी म्हणाली.

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि शार्लीनकडून लाल झगा मागून आणला. ती जी कोण क्रिस्टल असेल, तिच्यासमोर शाळेच्या आचारीणबाईसारखं उभं राहायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

विमानतळावर पोचवायला नेहमीसारखी गर्दी आली, पण आत दोघंच गेली. बर्फाची पेटी नव्हती, आरडाओरडा नव्हता, कुणी हरवलं नव्हतं. विमानात शेजारच्या खुर्चीत क्लेटन नव्या निळ्या सदऱ्यात ताठ बसला होता, दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा.

हॉटेल फोटोत होतं तसंच निघालं, याचंच हौनानीला नवल वाटलं. तिनं पलंगाची गादी उचलून पाहिली, कपाटाच्या आतून हात फिरवला, पाकळ्या खऱ्या आहेत का ते कुस्करून पाहिलं. खऱ्या होत्या. खिडकीखाली कारंजी नाचत होती. बाहेर थंडी होती, आणि क्लेटननं रस्ता ओलांडताना तिचा हात धरला. ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

"हात धरलायस," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"का?"

"सगळ्याला का असतं का गं?"

नावेत तर फारच कठीण झालं. पट्टेरी सदऱ्यातला माणूस वल्हवता वल्हवता इतका बेसूर गायला लागला की क्लेटननं हळूच कानात बोटं घातली, आणि हौनानीला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. क्लेटन तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्या हसण्यात तेवढ्यात खडा लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण दोघंच आहोत, आपल्याला हे आवडतंय, आणि तरी याच्या मनात उद्याची सकाळ आहे, हे तिला दिसत होतं. खोलीत परतल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

शुक्रवारी तिनं लाल झगा घातला. क्लेटननं गाडी भाड्यानं घेतली. लाल खडकांची पाटी उजवीकडे दाखवत होती, क्लेटन डावीकडे वळला.

"डोंगर तिकडे आहेत."

"हो, जरा इकडून जाऊ."

मोठी हॉटेलं मागे पडली. दुकानं लागली, शाळा लागली, मग एकासारखी एक मातकट रंगाची घरं. अंगणात गवताच्या जागी खडी. एका आंधळ्या गल्लीच्या टोकाला क्लेटननं गाडी थांबवली. दारात एक बाई उभी होती. पांढरे केस बारीक कापलेले, पायात डॉक्टरनं सांगितलेले जाड बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. वय सत्तरीकडे झुकलेलं.

"या, या! मी क्रिस्टल," ती मधाळ आवाजात म्हणाली. "आणि या मिसेस मेडेरोस ना? काय सुंदर झगा!" तिच्यामागे खडीत पाटी रोवलेली होती: घर विकणे आहे.

हौनानी गाडीतून उतरली नाही. तिनं पाटी वाचली, घराकडे पाहिलं, आणि मग अंगण मोजणारी ती दोन माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"तुला कळून."

क्लेटननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बस चालवायचा तसे. "हिगांच्या मयतीनंतर त्यांची मुलं आली होती ना कॅलिफोर्नियाहून. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते घर विकतायत. जूनपर्यंत आपल्याला सोडावं लागेल. मी सगळीकडे हिंडलो, हौनानी. एवा, मिलिलानी, पार वायनाईपर्यंत. आपल्याला परवडेल असं बेटावर काही नाही. भाड्यानंसुद्धा नाही. इथे मिळतं."

"आणि मोजायला आलेले ते पाइपवाले आहेत असं तू मला सांगितलंस."

"हो."

"घरी सांगायचंस. स्वयंपाकघरात, टेबलाशी."

"त्या टेबलाशी आपण दोघं कधी बसलोय?" क्लेटनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कधी बसलोय, सांग ना! लेहुआ बसते, शार्लीन बसते, पोरं बसतात. मी तोंड उघडलं असतं तर मला उत्तर लेहुआनं दिलं असतं!"

हे खरं होतं, त्यामुळे हौनानीला आणखीच राग आला. "म्हणजे ती नाव, त्या पाकळ्या, हात धरणं, हे सगळं या घरासाठी? गिऱ्हाइकाला चहा पाजतात तसं?"

"नाही गं," तो म्हणाला. "घरच दाखवायचं असतं तर ऑक्टोबरात नेहमीच्या हॉटेलातून एका सकाळी आणलं असतं. तुझ्याबरोबर एकदा एकट्यानं राहायचंही होतं मला. दोन्ही होतं. काल नावेतच सांगणार होतो. तू हसलीस, मग धीर झाला नाही."

क्रिस्टल किल्ल्या वाजवत अदबीनं पाठ फिरवून उभी होती.

"मला वाटलं बाई आहे," हौनानी म्हणाली.

"कोण बाई?"

"बाई असती तर बरं झालं असतं. तिला हाकलता आलं असतं."

ती उतरली आणि घराकडे न जाता उलट्या दिशेनं चालू लागली. कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं. गल्लीत माणूस नव्हतं, झाड नव्हतं, समुद्र कुठल्या बाजूला असेल हेसुद्धा कळत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या एका घराच्या पायरीवर तिला चपलांचा ढीग दिसला. मोठ्या, लहान, रबरी, एकीवर दुसरी. तिनं सरळ जाऊन घंटा वाजवली.

दार एका ठेंगण्या म्हातारीनं उघडलं. आतून भात शिजल्याचा वास आला. तिनं लाल झगा पाहिला, हौनानीचा चेहरा पाहिला, आणि विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?"

"वायपाहू."

"मी कालिहीची, तुझ्याच बेटावरची. ये आत. लुसील आंटी म्हण. जेवलीस का?"

हौनानी चपला काढून आत गेली. लुसील आंटीनं विचारायच्या आधीच भात आणि तळलेलं अंडं पुढ्यात ठेवलं.

"मला एकच सांगा, आंटी. गोड करून सांगू नका. इथे राहता येतं का?"

"पहिलं वर्ष मी रोज रडले," लुसील आंटी म्हणाली. "उन्हाळ्यात दाराची कडी भाजते. पाऊस नाही. फुलं आणायची तर दुकानातून. माझा म्हातारा इथे वारला, त्याची राख घेऊन मला विमानानं जावं लागलं. एवढं सगळं आहे." तिनं अंड्यावर सोया सॉस ओतला. "पण हे घर माझं आहे. उद्या कुणी मला ऊठ म्हणणार नाही. कालिहीत मी चार वेळा उठले."

"रडणं थांबलं कशानं?"

"थांबलं कुठे? कमी झालं. खा तू, गार होतंय."

अर्ध्या तासानं हौनानी परत आली तेव्हा क्लेटन आणि क्रिस्टल गाडीला टेकून उभे होते. "चला, दाखवा घर," ती म्हणाली.

तिनं ते घर असं पाहिलं की क्रिस्टलला घाम फुटला. प्रत्येक नळ सोडला. सिंकखालच्या कपाटात लाल झग्यासकट डोकं घातलं. भिंतींवर बोटानं टकटक केली. मागच्या खोलीत एका कोपऱ्याचा रंग बाकीच्यापेक्षा ताजा होता. तिथे तिनं नाक लावलं.

"इथे ओल आहे. वरून रंग फासलाय."

"वाळवंटात ओल?" क्लेटन म्हणाला.

"वास घे."

त्यानं वास घेतला. क्रिस्टल म्हणाली, तिला याची काही कल्पना नव्हती. ते खरंही असेल.

"हे नाही," हौनानी म्हणाली.

क्लेटननं फार सांभाळून विचारलं, "हे नाही, की कुठलंच नाही?"

"मी काय म्हणाले? हे नाही म्हणाले."

संध्याकाळचं खिडकीतलं टेबल आधीच ठरलेलं होतं, तेव्हा ती दोघं गेली. मेणबत्ती होती, बाहेर कारंजी होती, आणि भोवती सगळी जोडपी हळू आवाजात गोड बोलत होती. हौनानीनं मेणबत्ती बाजूला सरकवली आणि नवऱ्याला एकेक प्रश्न विचारला. पेन्शन किती, कर्ज कोण देणार, इथल्या शाळांना स्वयंपाकी लागतात का, फर्डीला कधी सांगितलंस, बहिणींना कोण सांगणार. क्लेटननं प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकदाही कान लाल झाले नाहीत. मिठाई आली तेव्हा ती म्हणाली, "यापुढे माझ्या काळजीनंसुद्धा माझ्यापासून काही लपवायचं नाही. मला वाईट बातमी चालते. अर्धी बातमी चालत नाही." तो मान हलवून हो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी प्लेटमध्ये पडलं. पलीकडच्या टेबलावरच्या पोरीला वाटलं यांनी लग्नाची मागणी घातली. तिनं टाळ्या वाजवल्या.

घरी परतल्यावर लेहुआनं आकांत केला. मेल्विन म्हणाला आमच्या गॅरेजमध्ये राहा, शार्लीन म्हणाली माझ्या वरच्या खोलीत राहा. काही महिने ती दोघं शार्लीनच्या वरच्या खोलीत राहिलीसुद्धा. त्याच वर्षाच्या अखेरीस वेगासच्या पूर्वेला त्यांना एक लहान घर मिळालं. जुनं, पण कोरडं. विमानतळावर लेहुआनं तिच्या गळ्यात इतक्या माळा घातल्या की हौनानीचं तोंड दिसेना, आणि मग महिनाभर तिच्याशी अबोला धरला. पुढचा ऑक्टोबर आला तशी तीच सगळ्या फौजेला घेऊन हौनानीच्या दारात उतरली. हॉटेलाचे पैसे कशाला घालवायचे, म्हणाली. आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यांना विमानतळावर सोडून दोघं परतली त्या दुपारी घर एकदम रिकामं वाटलं. क्लेटननं दोन खुर्च्या मागच्या अंगणात, खडीवर नेऊन ठेवल्या. ऊन उतरत होतं. दोघं बसून राहिली. बऱ्याच वेळानं हौनानीनं विचारलं, "कसला विचार करतोयस?"

"कसलाच नाही," क्लेटन म्हणाला.

तिला ते काही पटलं नाही. पण तिनं पुन्हा विचारलं नाही.